मोहापासून चिमणीपर्यंत

सोमाजी रामटेकेनं जिंदगीत पैजा लय मारल्या. पोळ्याच्या दिवशी कपाळाले शिंगं बांधून बैलांच्या रांगेत तोरणाखाली उभा राहिला, तीही पैजच. पण बोरटोल्यात निंबाखाली बसलेले लोक अजून हसतात ते एकाच पैजेवर. ती त्यानं मारली होती सुकरीसंगं, वारलूच्या बायकोसंगं.

पावरहाऊस नवीन होतं तेव्हाची गोष्ट. ऊर्जानगरची बस फाट्यावर आली की पोरं हातातलं काम टाकून पळत, कोणी उतरो न उतरो. गावातून रानाच्या वर चिमणी दिसे. बैल हरवला तर शोधायला 'चिमणीकडं' जायचं, नाहीतर 'चिमणीच्या पाठीकडं'. उत्तर-दक्षिण हे शब्द श्रीहरी गुरुजींच्या नकाशात तेवढे उरले होते. धूर कुठं वळला ते पाहून म्हातारे पाण्यापावसाचं सांगत. ते खोटंही निघे, पण चिमणीले कोणी दोष देत नव्हतं.

त्या आषाढात झड लागली होती. गुणवंतरावांच्या दुकानाच्या पडवीत लोक अंग चोरून बसले होते. एका टोकाला सोमाजी, दुसऱ्या टोकाला वारलू. दोघं लंगोटीयार, पण बोलणं बंद. म्हणजे बोलत होते, पण सोमाजी आपल्या बैलासंगं बोलायचा अन् वारलू विडीसंगं.

"लाख्या," निंबाले बांधलेल्या बैलाले सोमाजी म्हणाला, "लोकं जंगलात बांबू तोडाले जातेत, अन् येतानी डोये तिकडंच विसरून येतेत. मंग सरळ धुरा वाकडा दिसते त्याहिले."

वारलूनं विडीची राख झटकली. "विडीबाई, काई काई लोकं धुरा असा कोरतेत, का त्याहिच्या बैलाले भी पत्ता नाई लागत."

पडवी हसली. सोमाजी नाही हसला. दुसऱ्यानं मारलेला टोला चांगला बसला की त्याले आधी राग येई, मग तो टोला पाठ करून ठेवी.

भांडण धुऱ्याचंच होतं, दोन शेतांमधल्या बांधाचं. काही वर्षांआधी गावची पडीत भूमिहीनांना वाटली, त्यात ह्या दोघांच्या बांद्या, म्हणजे धानाची शेतं, शेजारी-शेजारी आल्या. तलाठ्यानं कागदावर रेघ मारून दिली. जमिनीवरची रेघ त्यांची त्यांनाच मारायची होती. बांदीच्या कोपऱ्यावर मोहाचं जुनं झाड, त्याच्या बुडाशी वारलू पाठ टेकून उभा राहिला. समोर रानावर चिमणी नुकती डोकं काढत होती, अर्धीच बांधून झालेली. वारलू हात दाखवत गेला, सोमाजी राख टाकत गेला. "मोहापासून चिमणीकडं," दोघं म्हणाले. झाली वाटणी. त्या राखेवर दोघांनी माती टाकून धुरा घातला, अन् त्याच धुऱ्यावर बसून एका पानात आंबील प्यायले.

मग वारलू बांबूच्या कामावर अहेरीकडं गेला. दोन-तीन वर्षं तिकडंच. बांदी सुकरी पाहायची, धुरा सोमाजी. ह्या साली वारलू परत आला, अन् तो आला तसा नालाही आला. एका रात्रीत अख्खा धुरा वाहून गेला.

धुरा नाही तर बांदीत पाणी थांबत नाही. पाणी नाही तर रोवणा नाही, धान लावताच येत नाही. म्हणून दोघंही दुसऱ्या दिवशी दोर घेऊन बांदीत उतरले. मोहाच्या बुडाशी एकच खुटी ठोकली. तिथून दोघांनी आपापला दोर ताणत नेला, अन् नाल्यापाशी जाऊन पाहतात तर दोघांच्या मधात बैलबंडी निघून जाईल एवढी फट.

"तू काऊन वाकडा गेला बे?" वारलू म्हणाला होता. तेव्हा अजून बोलत होते.

"मी काऊन वाकडा? इथीच होता धुरा. ही माही शिंदी पाय, धुऱ्याच्या अंगाले लावली होती."

वारलू मोहापाशी परत गेला, खुटीवर डोया लावला. त्याचा दोर थेट चिमणीत घुसत होता, सुईत दोरा घुसावा तसा. सोमाजीचा दोर जात होता जंगलखात्यानं लावलेल्या निलगिरीच्या झाडीत. तिथं चिमणी तर सोडा, चिमणीचा धूरही नव्हता. 

"मी नव्हतो तवा सरकवला का रे तू धुरा?"

त्याच्यानंतर बैल अन् विडी.

तर त्या दिवशी पडवीत गुरुजीही होते. शाळेले पावसाची सुट्टी दिली होती, कारण वर्गात छपरातून धार लागली होती. गुरुजींनी ऐकून घेतलं अन् चष्मा पुसला.

"हे भांडणाचं नाई जी, भूमितीचं हाये. दोन बिंदूतून सरळ रेघ एकच जाते. एक बिंदू मोह, दुसरा चिमणी. दोन दोर सरळ राहूच शकत नाई. एक वाकडा हाये."

"आयकलं का लाख्या?" सोमाजी म्हणाला. "एक वाकडा हाये. अन् तो माहा नाई."

तेवढ्यात डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन सुकरी मीठ न्यायला आली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात पळसाच्या पानाचा दोना. तिनं नवऱ्याकडं पाहिलं, सोमाजीकडं पाहिलं.

"दोघाय्चे भी दोर सरळ हायेत," ती म्हणाली.

"काय बोलतं वयनी? गुरुजी सांगून राह्यले ना."

"गुरुजी पुस्तकाचं सांगतेत. मी मानसाय्चं सांगतो. माहा नवरा खोटं बोलाले गेला का त्याचे कान लाल होतेत. नाई झाले. अन् तुमी चोर नाई. दोन वर्सं माह्या बांदीचं पाणी तुमी बांधलं, एक दिवस नाल्यात नाई जाऊ देल्लं. दोघं भी खरे, दोर भी खरे."

पडवीत खसखस पिकली. सोमाजीले बरं वाटायला पाहिजे होतं, पण हसणाऱ्या लोकांपुढं बरं वाटून घेणं त्याले जमत नव्हतं.

"एका खुटीपासून एका चिमणीले दोन सरळ दोर? तसं निंघालं ना वयनी, तं म्हणसान ते करीन."

"पैज?"

"पैज."

"मी हरली तं डफळं वाजवत गावभर सांगीन, माहा वारलू खोटा म्हणून."

वारलूच्या तोंडातली विडी खाली पडली. सोमाजीनं काय द्यायचं ते गुरुजींनी ठरवलं. शाळेचा फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक वाळवीनं खाल्ला होता, सहावीच्या पोरांना कोन काही केल्या समजत नव्हते. सोमाजी हरला तर पंधरा ऑगस्टले झेंड्यानंतर साऱ्या गावापुढं त्यानं कोनमापक बनायचं. दोन हात दोन भुजा, डोकं शिरोबिंदू. पोरं म्हणतील तो कोन करायचा.

"डोकं हाये का पण?" गुणवंतराव म्हणाले, अन् सुकरीचं मीठ तोलून दिलं.

झड थांबली, पण भांडण नाही थांबलं. वाफ्यातले परे वाढून चालले होते. रोप एका वितीचं झालं की उपटून बांदीत लावायचं असते, त्याच्या पुढं गेलं की शेंडे पिवळे पडतात. अंजनाबाई, सोमाजीची बायको, रोज सकाळी परे पाहून येई अन् घरात भांडे जरा जोरात ठेवी.

"अवो, ऐकता का जी. पिवळं पडून राह्यलं."

"पडू दे."

"पडू दे म्हणजे? खासान काय? शिंदीचे फडे?"

सोमाजी एकटा फावडं घेऊन बांदीत जाई अन् आपल्या दोरावर माती टाके. ओल्या मातीचं टोपलं डोक्यावर घेतलं की गढूळ पाणी मानेवरून पाठीत उतरे. दोन माणसांचं काम. एकानं खणायचं, एकानं टाकायचं. एकटा माणूस खणतो, मग स्वतःच वाकून भरतो, स्वतःच उचलतो, अन् मधात कोणी "जरा टेक बे" म्हणणारा नाही. तिकडं वारलूही एकटाच आपल्या दोरावर माती टाकत होता. दोन अर्धे धुरे, मधात पाचरीसारखी जमीन, अन् त्या पाचरीत बगळे. संध्याकाळी नाल्याचं पाणी चढलं की दोन्ही अर्धे धुरे विरघळत.

गावात जीभ चालूच होती. दुकानात तेल घ्यायला गेला तर गुणवंतराव म्हणाले, "सोमाजी, माप पाहून घे गा. तुले सरळ चालत नाई, आमाले वाकडं." विहारात वंदनेनंतर चटई गुंडाळताना एक म्हातारा म्हणाला, "टोक जुळव बाप्पा, सरकवू नको." सोमाजीनं टोक जुळवलं. आयुष्यभर लोकांची टिंगल केलेला माणूस तो. हसणं अंगावर आलं की काय होते ते त्याले त्या पावसाळ्यात समजलं. धोतर ओलं झाल्यासारखं होते. चालता येते, पण प्रत्येक पावलाले आठवते.

अन् एक गोष्ट तो लाख्यालेही नव्हता सांगत. त्याले स्वतःचाच संशय यायला लागला होता. मोहापाशी उभा राहिला की दिसायचं, दोर झाडीतच जाते. चिमणी बाजूले. मग दोन वर्षं माती टाकताना, पाण्यानं खचलेलं बांधताना, हात जरा जरा वारलूच्या बांदीत गेला असेल का? माणूस झोपेत कूस बदलतो तसा? चोर ठरला तर ठरू दे, पण आपण चोर आहो की नाही हेच माहीत नसणं लय वाईट. दोन्ही बायका मात्र नाल्यावर कपडे धुताना रोज बोलत. अंजनाबाई म्हणे, "तुमचं भांडण धुऱ्याचं हाये. आमच्या मधात धुराच नाई."

शेवटी गुरुजींनी ठरवलं, उघाड पडली की सकाळी मोहापाशी जमायचं, ते स्वतः डोया लावून पाहतील अन् सांगतील ते दोघांनी ऐकायचं.

उघाड पडली. आता सोमाजीची खोड पाहा. गळ्यापर्यंत चिंता, पण अंगातला वात्रटपणा उपाशी राहत नव्हता. रात्रभर पडलेलं पाणी मोहाच्या पानापानात साचलेलं. त्यानं विचार केला, हरायचंच आहे तर वारलूले एकदा भिजवून हरू. सगळ्यांच्या आधी जाऊन मोहावर चढायचं, अन् वारलू खुटीपाशी वाकला की फांदी गदगदा हलवायची.

चाळिशीचा माणूस मोहावर चढणं म्हणजे झाडालेही कसंसं होते. साल ओली, पाय घसरत. नडगी खरचटली. एका फांदीवर मुंगळ्यांची वरात चालली होती, त्यांनी त्याच्या पोटाचा आधी हिशोब घेतला. मोहाच्या पिकलेल्या फळांचा, टोऱ्यांचा, वास येत होता, अन् लहानपणी ह्याच झाडावर वारलूसंगं बसून टोऱ्या खाली अंजनाच्या बापावर फेकल्या होत्या ते आठवलं. तेव्हा अंजनाचा बाप अजून सासरा नव्हता झाला. वर दोन फांद्या फुटतात त्या दुबेळक्यात तो टेकला, श्वास घेतला, अन् पानं बाजूले करून वारलू येतो का पाहायला लागला.

वारलू नाही दिसला. चिमणी दिसली.

मग दुसरी दिसली.

सोमाजीनं डोये चोळले. निलगिरीचे शेंडे खाली राहिले होते. त्यांच्या मागून, इतकी वर्षं झाडी वाढत वाढत जिच्यापुढं आली ती, एक चिमणी निवांत धूर सोडत उभी होती. अन् तिच्या उजव्या अंगाले, मोकळ्या आभाळात, दुसरी. बुडाशी उभं राहिलं की दिसते ती.

पावरहाऊसले आता दोन चिमण्या आहेत हे काय त्याले माहीत नव्हतं? गावात कोणाले माहीत नव्हतं? बसनं गेलं की दोन्ही दिसत. पण बोरटोल्यात गुरं जमतात त्या आखरावरून त्या एकीमागं एक येत, म्हणून गाव 'चिमणी'च म्हणे. बांदीत आलं की एक निलगिरीआड, म्हणून तिथंही चिमणीच. दोन चिमण्या आहेत हे साऱ्यांना माहीत, अन् साऱ्यांना एकच दिसे.

त्यानं खाली पाहिलं. त्याचा दोर निघाला होता थेट जुन्या चिमणीकडं. ज्या अर्ध्या चिमणीवर नेम धरून त्यांनी राख टाकली होती, तिच्याकडं. वारलूचा दोर निघाला होता थेट नव्या चिमणीकडं. मोहाच्या बुडाशी एक खुटी, तिच्यापासून दोन सरळ दोर. ताणलेले. कुठंच वाकडे नाहीत.

हात सरकला नव्हता. झोपेतही नाही. दुबेळक्यात बसल्या बसल्या सोमाजीच्या डोयात पाणी आलं. ते पुसत होता तोच त्याले दुसरी गोष्ट समजली, अन् तो एकटाच फिसकन हसला. दोन्ही सरळ. म्हणजे सुकरी जिंकली. चोर नाही, पण कोनमापक.

खाली माणसं आली. वारलू, गुरुजी, मागून सुकरी अन् अंजनाबाई. वारलू खुटीपाशी वाकला. बरोबर फांदीखाली. सोमाजीचा हात फांदीवर होता, पण फांदी हलवायची त्याले सुधरली नाही.

"गुरुजी," तो वरून म्हणाला, "भूमितीत बिंदू झाडावर चढून मोजतेत का जी?"

सगळे वर पाहायला लागले.

"उतर," अंजनाबाई म्हणाली. "तंगडी मोडली तं रोवणा कोन करन?"

"वर याले सांग वारलूले."

वारलू विडीकडं पाहत राहिला. मग ती कानामागं खोचली अन् चढायला लागला. बांबूवाला माणूस तो, माकडासारखा वर आला. दुबेळक्यात जागा एकाचीच होती.

"सरक बे," वारलू म्हणाला.

महिन्याभरानं पहिला शब्द. सोमाजी सरकला. दोघं खांद्याले खांदा लावून बसले, लहानपणी बसत तसे, फक्त आता फांदी जास्त कुरकुरत होती. सोमाजीनं काही सांगितलं नाही, नुसती पानं बाजूले धरली. वारलू पाहत राहिला. मग खाली दोरांकडं पाहिलं, मग परत वर.

"आपली तं ते डावीकडची," वारलू म्हणाला.

"हो."

"तवा अर्धीच होती."

"हो."

"मी तुले चोर म्हणलो."

"मी तुले आंधळा म्हणलो. फिट्टमफाट."

"तू मले नाई म्हणला. तू बैलाले म्हणला."

"बैलानं माफ केलं."

तेव्हा सोमाजीनं फांदी हलवली. वारलू वर होता, म्हणून सारं पाणी गुरुजींवर पडलं.

गुरुजी धोतर झटकत ऐकत होते, अन् ऐकता ऐकता त्यांचा चेहरा फुलत गेला. "म्हणजे मी बरोबरच सांगितलं होतं की. दोन बिंदूतून एकच रेघ. पण बिंदू तीन होते." त्यांनी काडी घेऊन चिखलात काढून दाखवलं. एक मोह, दोन चिमण्या. "हा कोन. मोहापाशी फट नाई. नाल्यापाशी बंडी जाते. तरी कोन तोच. भुजा किती भी लांब करा, कोन वाढत नाई, फट वाढते. हेच पोरांना समजत नाई."

"भांडणाचं भी असंच हाये जी," अंजनाबाई म्हणाली. "चला आता, परे पिवळे पडले."

त्याच दिवशी दोघांनी जुन्या दोरावर धुरा घातला. वारलू खणे, सोमाजी टाके, मग सोमाजी खणे, वारलू टाके. मधात कोणीतरी "जरा टेक बे" म्हणे. पाचर सोमाजीकडं गेली. वारलूनं आपल्या दोराची नाल्याकडची खुटी उपटून त्याच्याच हातात दिली. "बैलाले बांधजो," म्हणाला. दोन्ही बायका वाकून मागं मागं सरकत रोवत गेल्या. काही शेंडे पिवळे होते, ते पाणी मिळालं तसे हिरवे झाले. काही नाही झाले. तेवढं त्या साली भाताच्या पायलीत कमी भरलं, अन् कोणी बोललं नाही.

पंधरा ऑगस्टले प्रभातफेरी झाली, झेंडा झाला, साखर वाटून झाली. गाव पांगायला लागलं तशी सुकरी उठली. नवं लुगडं, डोक्याले तेल.

"थांबा जी. एक देणं बाकी हाये."

सोमाजीले वाटलं होतं, धुरा जुळला, पैज विरघळली. पण गावानं ती राखून ठेवली होती, सणाचा गूळ ठेवावा तशी. गुणवंतरावांनी दुकानातलं स्टूल पाठवलं होतं. सोमाजी स्टुलावर उभा राहिला. सहावीची पोरं समोर, गाव मागं, अन् लाख्याले कोणीतरी मुद्दाम शाळेच्या फाटकापाशी आणून बांधलं होतं.

"काटकोन," गुरुजी म्हणाले.

सोमाजीनं एक हात सरळ वर, एक आडवा केला. पोरं ओरडली.

"लघुकोन."

वरचा हात खाली आला. "अजून लघु," मागून कोणी म्हणालं, "धुऱ्याएवढा."

"विशालकोन."

हात फाकले. "एवढं तं त्याचं तोंड राह्यते," गुणवंतराव म्हणाले. गाव हसलं. सोमाजीही हसला. ह्या वेळी ते अंगावर नाही आलं, बरोबर चाललं.

"सरळकोन." दोन हात दोन बाजूले, बुजगावण्यासारखे. गुरुजी मुद्दाम वेळ लावत होते, पोरांकडून शिरोबिंदू विचारत होते, भुजा विचारत होते. सोमाजीचे खांदे थरथरायला लागले. एका हाताच्या टोकाले अंजनाबाई पदर तोंडात धरून उभी, दुसऱ्या हाताच्या टोकाले वारलू. वारलू पुढं सरकला अन् कोपराखाली हळूच बोट लावलं, आधाराले.

"वारलूभाऊ, मापात मदत चालत नाई," गुरुजी म्हणाले.

वारलूनं बोट काढलं नाही.

"आता शेवटचा. शून्य कोन. पोरांनो, दोन्ही भुजा एकमेकींवर, मधात फट नाई."

सोमाजीनं दोन्ही हात समोर आणले. तळव्याले तळवा लागला. मधात फट राहिली नाही. तेव्हा त्याले दिसलं की आपण साऱ्या गावापुढं हात जोडून उभे आहोत, अन् समोर सुकरी आहे. जिनं त्याले चोर नाही म्हटलं होतं, साऱ्यांच्या आधी, त्याच्याही आधी.

त्यानं ते हात तसेच ठेवले.  आता हे शिकवणं चालू आहे की संपलं, पोरांना समजेना.

सुकरीनं पदर डोक्यावर सारखा केला. "बरं, बरं," ती म्हणाली. "एवढा वेळ नाई धराव, हात दुखतेत. अन् भाऊ, विशालकोन एकडाव अजून दाखवा. मांगच्या बायाय्ले नाई दिसला."